पूर ओसरल्यावर काठाने चाला



पूर चढत असतो तेव्हा नदीवर जत्रा भरते. पोरंबाळं, पाहुणेरावळे सगळे पाणी बघायला जातात. कुणी पुलाच्या कठड्याशी, कुणी देवळाच्या पायरीवर. पाणी उतरायला लागलं की मात्र काठाकडे कुणी फिरकत नाही. चिखल असतो, वास असतो. गेलं ते गेलं, आता बघायचं तरी काय, असं म्हणून माणूस डांबरी रस्त्यावरूनच फडाकडे नजर टाकतो नि घरी येतो. रस्त्यावरून कडेच्या चार सऱ्या दिसतात, आणि त्या चार सऱ्यांवरून साऱ्या फडाचा निकाल लागतो.

आमचं म्हणणं उलटं आहे. पाणी चढत असताना नदीवर आपलं काही काम नसतं, जिवाला धोका मात्र असतो. शेतकऱ्याचं खरं काम पाणी उतरल्यावरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत असतं आणि ते पायी चालूनच होतं. घाटापासून ओढ्याच्या मुखापर्यंत जेमतेम दोन किलोमीटर अंतर, तासा-दीड तासाची फेरी. पंधरा दिवस गेले की खुणा पुसतात. पानावरचा गाळ पावसाने धुतला जातो, गवत उगवतं, आणि पाणी कुठून आत आलं, कुठे अडलं, हे पुढच्या पुरापर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

हा मजकूर आम्ही मुद्दाम पावसाळ्याच्या आधी देत आहोत. आडसाली लागणीच्या नोंदी सुरू होतील त्याआधी चार गोष्टी नदीकाठच्या सभासदांच्या कानावर जाव्यात, एवढाच हेतू.

आपल्या भागात पुराचं बोलणं सगळं फुटांत चालतं. सांगलीला आयर्विन पुलाखाली ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ ला इशारा, ४३ ला धोका. हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. २०१९ साली आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. परंतु तुमच्या फडात पाणी किती दिवस होतं, असं विचारलं तर दहातले आठजण अंदाजपंचे उत्तर देतात. उसाच्या दृष्टीने फुटांपेक्षा दिवसांचा हिशेब महत्त्वाचा आहे. पाणी किती चढावं हे आपल्या हातात नाही. फडातून ते किती दिवसांनी निघावं, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या शिवारावर अवलंबून असतं, आणि शिवार आपल्या हातात आहे.

येथे कुणीतरी म्हणेल, "साहेब, ते अलमट्टीचं आधी बोला." अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली आहे आणि आपल्या राज्याचा तिला विरोध आहे. तो लढा ज्यांनी लढायचा ते लढत आहेत, आणि तो लढलाच पाहिजे. २०१९ च्या पुरानंतर शासनाने श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला, त्यावरही पुष्कळ वाद झाले. परंतु अलमट्टीचा निकाल काहीही लागला तरी तुमच्या बांधाशेजारचा बुजलेला ओढा बंगळुरूहून कुणी उकरायला येणार नाही. म्हणून आम्ही तिकडचं बोलणं इथेच थांबवतो.

आपल्या नदीचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. कराडच्या वर कृष्णेला उतार आहे, इकडे खाली ती सपाटीला लागते आणि वळणं घेत चालते. हरिपूरला वारणा मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. तिन्ही नद्या एकाच वेळी भरल्या की एकीचं पाणी दुसरीला अडवतं आणि मागे फूग चढते. फुगीच्या पाण्याला वेग नसतो. ते ओढ्याओढ्याने उलटं आत शिरतं, आवाज न करता, आणि जाताना तितक्याच सावकाश जातं. ज्या वाटेने आलं ती वाट मोकळी असेल तरच जातं.

आता २०१९ च्या फेरीबद्दल. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, नदी पात्रात गेल्यावर, आम्ही गट ऑफिसची मंडळी आणि काठचे चार-पाच सभासद घाटापासून खाली चालत निघालो. ज्यांच्या गोठ्यातली जनावरं गेली होती त्यांच्यापुढे उसाचं नाव काढायलाही जड जात होतं. तरी त्यांच्यातलेही एकजण आले. सगळं शिवार एकाच रंगाचं झालं होतं, खाकी. ऊस खाकी, बांध खाकी, बाभळी खाकी. बाभळीच्या फांद्यांना ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे लोंबत होते, कुणाच्या रानातले ते ओळखायलाही येत नव्हते. मोटारीच्या पेट्या चिखलाने भरलेल्या. एका जॅकवेलच्या कठड्यावर कुणाच्या तरी घरचा पाट येऊन बसला होता.

काठ बघत गेलो. काठ कोसळतो तो पूर चढताना, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसं नव्हे. काळ्या मातीचा काठ आठवडाभर पाणी पिऊन जड होतो. पाण्याची पातळी वर असते तोवर बाहेरचं पाणीच त्याला टेकू देतं. नदी झपाट्याने उतरली की टेकू निघतो, आतली ओल तशीच राहते, आणि काठ स्वतःच्या वजनाने बसतो. म्हणून पूर गेल्यावर काठाला समांतर चिरा पडलेल्या दिसतात. त्या चिरेच्या नदीकडच्या बाजूला पाय ठेवू नये. ज्या ज्या ठिकाणी ऊस अगदी कडेपर्यंत लावलेला होता तिथे शेवटच्या दोन-तीन सऱ्या उसासकट खाली पात्रात गेल्या होत्या, आणि जे गेलं ते पुन्हा सातबाऱ्यावर दिसलं तरी रानात दिसणार नाही.

मध्येच एका ठिकाणी करंज, जांभूळ, उंबर यांची जुनी रांग आहे, खाली वाळुंज आणि गवत. तिथला काठ जागच्या जागी होता. झाडांच्या मागचा ऊस कलला होता, पण मुळावर उभा होता. त्याला लागूनच वीटभट्टीसाठी माती काढलेलं रान आहे. काठाला तिथे खिंडारच पडलेलं. पाणी पहिल्यांदा तिथूनच आत आलं, हे गाळाच्या थरावरून स्पष्ट दिसत होतं. आणि नदी गेल्यावरही त्या खड्ड्यात डबकं साचून राहिलं. माती विकून आलेले पैसे केव्हाच खर्च झाले असतील, खड्डा मात्र शेजाऱ्याच्याही वाट्याला आला.

बरोबर एक वयस्कर सभासद होते, त्यांना सारे तात्याच म्हणतात. आम्ही विचारलं, "तात्या, पूर्वी ह्या पट्टीत काय असायचं?"

"ऊस नव्हता साहेब. मळीचं रान हे. पाणी उतरलं की शाळू, हरभरा, वांगी. कडंला वैरण. लिफ्ट झाली, मग सगळ्यांनीच ऊस केला. आम्हीबी केला."

(मळी म्हटलं की आपल्या कारखान्यात लोकांना टाकीतली मळी आठवते. नदीकाठच्या गाळाच्या रानालाही आपल्याकडे मळीच म्हणतात, आणि हा शब्द साखर कारखान्यांच्या आधीचा आहे.)

खरी बघण्यासारखी जागा पुढे ओढ्याच्या मुखाशी होती. तिथे दोन फड आहेत, मध्ये गाडीवाट. ऊस वाहतुकीसाठी ती वाट कधीकाळी भराव टाकून उचललेली, खाली ओढ्यासाठी एकच सिमेंटचा नळा. दोन्ही फडांत जात एकच, को ८६०३२. दोन्ही आडसाली, तेरा महिन्यांच्या आसपासचे. जमीन एका पातळीची. दोन्ही फडांवरून पाणी गेलं ते सारख्याच उंचीने, तशी खूण दोन्हीकडच्या बाभळींवर होती. नदीकडच्या फडातलं पाणी नदीबरोबर उतरलं. गाडीवाटेच्या आतल्या फडात मात्र आम्ही गेलो त्या दिवशीही गुडघाभर पाणी होतं. नळ्याच्या तोंडाशी पाचट, प्लॅस्टिकच्या बाटल्या, कडबा, मल्चिंगचा कागद आणि एक मेलेलं डुक्कर यांचं बूच बसलेलं. नळ्याच्या पुढे ओढाही अर्धा बुजवून रानात घेतलेला.

दोन्हीकडचे चार-चार ऊस आम्ही कोयत्याने उभे चिरून पाहिले. नदीकडच्या उसाचा पोंगा हिरवट, जिवंत होता. कांड्या आतून पांढऱ्या. बुडख्याकडच्या पेऱ्यांना पाण्यातच नव्या मुळ्या सुटलेल्या. ऊस असा चिवट असतो. बुडख्यात पाणी थांबलं तरी शेंडा वर असेल तर तो बरेच दिवस तग धरतो, कांडीवर मुळ्या सोडतो, हवा घेतो. परंतु शेंडा बुडाला, पोंग्यात गाळ जाऊन बसला आणि वर ऊन पडलं, की शेंडा कुजतो. आतल्या फडातला पोंगा धरून ओढला तर हातात आला, वास असह्य. कांड्या आतून तांबूस, आंबूस वासाच्या. शेंडा मेला म्हणून बाजूचे डोळे जागे होऊन पांगशा फुटायला लागल्या होत्या. पुष्कळ सभासदांना ह्या पांगशा बघून आनंद होतो. वरून हिरवं दिसतं, ऊस सावरला असं वाटतं. ती हिरवळ उसातली साखर खाऊन वाढत असते. वजन घटतं, उतारा घटतो, आणि उशिरा तोड आली तर उसाचं पोकळ लाकूड होतं.

त्या फडाच्या मालकाने आम्हाला विचारलं, "ऱ्हाईल का साहेब?" काय उत्तर द्यायचं! नदीने दोघांना सारखंच बुडवलं होतं. पुढचं नुकसान एका नळ्याने केलं.

त्यानंतर ओढ्याकाठच्या सभासदांनी वर्गणी काढून, २०२० च्या उन्हाळ्यात ओढ्याचं मुख उकरलं, गाडीवाटेखाली आणखी दोन मोठे नळे बसवले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी त्याच बाभळीपर्यंत चढलं. आम्ही पुन्हा तीच फेरी केली. ह्या खेपेला आतला फड नदीपाठोपाठ दोन-तीन दिवसांत मोकळा झाला होता. सगळं श्रेय नळ्यांना देणं बरोबर होणार नाही, कारण २०२१ चा पूर मुळातच २०१९ पेक्षा लवकर उतरला. तरीपण नळ्याच्या तोंडाशी पाणी ज्या जोराने बाहेर पडत होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. शेंडे बरेचसे वाचले.

ओढ्याबाबत एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. ओढा कुणाच्या मालकीचा नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी, ओढे, नाले यांचं पात्र हे सरकारचं. गावच्या नकाशात ओढा दोन रेघांनी दाखवलेला असतो, तलाठी कार्यालयात जाऊन कुणालाही बघता येतो. आपल्या कार्यक्षेत्रात असे किती ओढे नकाशात आहेत आणि रानात नाहीत, हे काठाने चाललं की समजतं. हे काम मोठ्या बागायतदारांनी केलं आणि लहानांनीही केलं. कुणी दोन सऱ्या वाढवल्या, कुणी दहा. वरच्याने दोन सऱ्या वाढवल्या की खालच्याच्या, नाहीतर आतल्या माणसाच्या फडात पाणी बसतं. भाऊबंदकीच्या वादात हा विषय गेला की कोर्टात वीस वर्षं जातात, म्हणून तो पुराच्या चिखलात उभं राहून, चारचौघांच्या देखत बोलावा. २०१९ साली त्या नळ्यापाशी जे बोलणं झालं ते गावच्या चावडीत झालं नसतं असं आमचं मत आहे. समोर बूच दिसत होतं, वाद घालायला जागाच नव्हती.

आणि गाडीवाटांचे भराव काही सगळे सभासदांनी केलेले नाहीत. ऊस वाहतुकीच्या सोयीसाठी कारखान्याने केलेले रस्तेही आहेत आणि त्यातल्या काही मोऱ्या लहान आहेत. आम्ही त्यांची यादी करून वरिष्ठांकडे दिली आहे.

आता लागणीचं. आडसालीची मुदत १५ जुलै ते १५ ऑगस्ट. गेल्या वीस वर्षांतले मोठे पूर कधी आले ते आठवा. २००५ ला जुलैअखेर ते ऑगस्ट. २०१९ ला ऑगस्टचा पहिला पंधरवडा. २०२१ ला जुलैचा शेवटचा आठवडा. म्हणजे नदीकाठच्या पट्टीत आपण कांडी पुरतो ती नेमकी नदी यायच्या वेळेला. नुकत्याच उगवणाऱ्या उसाला पूर अजिबात सोसत नाही. डोळे कुजतात, बेणं, खत, मशागत, मजुरी सगळं एका रात्रीत जातं. दुबार लागणीला बेणं मिळत नाही, आणि मिळालं तर ते पुरात भिजलेल्या फडाचं असतं. तसलं बेणं घेऊ नये, हे आम्ही आधीही सांगितलेलं आहे.

आमचं मत असं, की जिथे २०१९ आणि २०२१ ह्या दोन्ही वर्षी पाणी आलं त्या पट्टीत आडसाली करूच नये. पूर ओसरून वाफसा आला की १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरच्या मुदतीत पूर्वहंगामी लागण करावी. पुढच्या पावसाळ्यात तो ऊस आठ-नऊ महिन्यांचा, उंच आणि घट्ट मुळावर असतो. मध्यम पुरात त्याचा शेंडा पाण्यावर राहण्याची आशा असते. २०१९ सारख्या पुरापुढे कोणताच ऊस टिकत नाही, ते आम्ही मान्य करतो. पण प्रत्येक पूर २०१९ चा नसतो.

यावर सभासद म्हणतात, आडसालीला टनेज जास्त पडतं. खरं आहे, पडतं. जिथे पाणी येत नाही तिथे आडसाली करा, आम्हीच नोंद घ्यायला येऊ.

दुसरं, काठावरची झाडांची पट्टी. दहा मीटर रुंद पट्टी सोडा म्हटलं की लोक आमच्याकडे वेड्यासारखे बघतात. हिशेब मांडून बघू. नदीला शंभर मीटर लागून रान असेल तर दहा मीटरची पट्टी म्हणजे सुमारे दहा गुंठे. एकरी चाळीस टनांनी त्यात दहा टन ऊस. दहा टन म्हणजे काही थोडं नव्हे, आम्ही ते हलकं लेखत नाही. पण जिथे दर मोठ्या पुराला दोन-तीन सऱ्या पात्रात जातात तिथे ते दहा गुंठे तसेही जाणारच आहेत, आणि त्यांच्यामागून पुढचे दहा. त्या पट्टीत बांबू लावा, करंज लावा, वाळा लावा, वैरणीचं गवत लावा. ज्याचं सगळं मिळून वीस गुंठेच रान नदीला लागून आहे त्याला मात्र दहा गुंठे सोड म्हणणं अन्याय आहे. त्याने कडेची तीन मीटर जागा गवताला दिली तरी पुष्कळ झालं. मोठ्या खातेदारांनी पूर्ण पट्टी सोडावी. सुरुवात त्यांच्याकडून झाली तरच लहानांना सांगायला आम्हाला तोंड राहील.

पूर गेल्यावर फडात काय करायचं ते थोडक्यात. आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर. वाफसा येईपर्यंत आत पाय घालू नये, जमीन दाबली जाते. लोळलेला ऊस उचलून बांधण्याच्या भरीला पडू नये, त्यात शेंडे मोडतात. गाळाचा थर बसून वर पापडी धरली असेल तर जमिनीला हवा मिळत नाही, लहान उसात ती कुदळीने, कोळप्याने फोडावी. नत्र पाण्याबरोबर गेलेलं असतं, म्हणून शेंडा जिवंत असेल तरच, आणि वाफशावरच, नत्र व पालाश द्यावं. मेलेल्या शेंड्याच्या उसाला युरिया टाकला तर पांगशाच पोसतात. कुजीसाठी औषध कोणतं, किती, ते गट ऑफिसात विचारून घ्यावं, दुकानदाराला विचारू नये. मोटारीच्या पेटीला वायरमन येईपर्यंत हात लावू नये. पाचटाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघावं, घोणस अशाच जागी बसते.

राहिला तोडीचा प्रश्न, आणि यावरच सर्वांत जास्त कटकट होते. शेंडा मेलेला ऊस लवकर तुटला पाहिजे, त्याला पाळीपर्यंत थांबवणं म्हणजे सभासदाचं वजन आणि कारखान्याचा उतारा दोन्ही घालवणं. पण पुराचं नाव सांगून चांगला ऊसही पुढे सरकवण्याचे प्रकार होतात. माळावरचा सभासद मग विचारतो, माझी लागणीची तारीख आधीची, माझी पाळी मागे का? त्याचं काही चुकत नाही. आमचं म्हणणं, पुराच्या उसाला पाळी मोडून तोड द्यावी, परंतु फड पायी फिरून, ऊस चिरून बघितल्याशिवाय देऊ नये. आणि त्या वेळी शेतकी खात्याच्या माणसाबरोबर माळाकडचाही एक सभासद असावा. त्याने स्वतःच्या हाताने पोंगा ओढून बघितला की तोच गावात जाऊन सांगतो. रस्त्यावर जीप उभी करून केलेल्या यादीवर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये.

यंदा पाणी येवो न येवो, पावसाळ्याआधी ओढ्यांची मुखं आणि गाडीवाटांचे नळे साफ व्हायला हवेत. त्यासाठी कारखान्याचा जेसीबी गटवार पाळीने मिळावा असा प्रस्ताव आम्ही शेतकी कमिटीपुढे ठेवला आहे. डिझेलचा खर्च कारखान्याने करायचा की त्या त्या ओढ्याच्या सभासदांनी, यावर अद्याप एकमत झालेलं नाही. ज्या सभासदांच्या फडाशेजारी असा नळा किंवा बुजलेलं मुख आहे त्यांनी गट नंबर आणि ठिकाण लिहून आपापल्या गट ऑफिसात चिठ्ठी द्यावी. २०१९ ला पाणी किती दिवस थांबलं होतं, हेही आठवत असेल तर त्यावर लिहावं.